अर्ध्या भाकरीत चतकोर किती?

शिक्षक आयुष्यात जो सगळ्यात जास्त वेळा विचारतो आणि ज्याचा सगळ्यात कमी उपयोग होतो, असा प्रश्न म्हणजे ‘समजलं का?’ नोकरीच्या सुरुवातीला मीही तो रोज विचारायचे. वर्ग ‘होऽऽ’ म्हणायचा आणि मी समाधानाने फळा पुसायचे. त्या ‘हो’चा अर्थ ‘समजलं’ असा क्वचितच असतो, हे कळायला काही वर्षं गेली. कधी त्याचा अर्थ ‘पुढे चला’ असतो, कधी ‘लघवीला जायचंय’ असतो, आणि पुष्कळदा ‘तुम्हाला बरं वाटावं म्हणून’ असाही असतो.

शितावरून भाताची परीक्षा करता येते, वर्गाची येत नाही. इथे प्रत्येक शीत वेगळ्या वेळी शिजतं. त्यामुळे रोज, प्रत्येक तासाला, प्रत्येक मूल चेपून बघावं लागतं. सरकारी भाषेत याला ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ असं भारदस्त नाव आहे आणि त्याच्या नोंदी ठेवाव्या लागतात. नोंदी आम्ही एकमेकांच्या बघून लिहितो, हे आता निवृत्त झाल्यावर सांगायला हरकत नाही. एका शाळेत मी एका मुलाबद्दल ‘उपक्रमांत आनंदाने सहभागी होतो’ असं वाचलं होतं. ते पोर आईबापाबरोबर तेव्हा कर्नाटकात उसाच्या फडावर होतं.

खरं काम नोंदीत नसतं, चुकीत असतं. श्रीरामपूरला, माझ्या गावाच्या शाळेत, एक मुलगा प्रत्येक रेघेचं माप एक सेंटिमीटर जास्त लिहायचा. आधीच्या बाईंनी ‘निष्काळजी’ असा शेरा दिला होता. मी त्याची पट्टी बघायला मागितली, तर शून्याकडचा तुकडाच मोडलेला. पोरगं इमानदारीत एकपासून मोजत होतं. तेव्हापासून मी मुलांच्या चुका वाचायला लागले. चूक एकदा झाली तर ती चूक. पुन्हा पुन्हा तीच झाली तर तिच्यामागे काहीतरी उभं असतं.

पाथर्डी तालुक्यातल्या त्या वर्गात काय उभं होतं, ते सांगायला मी हे लिहायला घेतलं आहे.

नोकरीची थोडीच वर्षं उरली असताना बदलीत मला ते गाव मिळालं. गावाचं नाव लिहीत नाही. ती मुलं आता मोठी झाली आहेत, हे त्यांच्या नावाला चिकटायला नको; म्हणून त्यांची नावंही मी बदलली आहेत. गाव माळावर. एका अंगाला उघडाबोडका डोंगर आणि त्याच्या माथ्यावर पवनचक्क्या. वारा असला की त्यांचा घुमारा दिवसभर कानात राहतो आणि वारा पडला की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. दसऱ्यापासून तिथे मुकादमांच्या गाड्या यायला लागतात, दिवाळीनंतर निम्मं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला जातं. मी सप्टेंबरात रुजू झाले तेव्हा गाव अजून भरलेलं होतं.

मुख्याध्यापक आव्हाड सरांनी मला सहावीचा वर्ग दिला.

‘‘गर्जे गुरुजींचा वर्ग आहे,’’ ते म्हणाले. ‘‘श्रावणात वारले. हार्ट ॲटॅक. फार चांगला माणूस.’’ आणि लगेच पोषण आहाराच्या तांदळाचा विषय काढला. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

वर्ग म्हणजे ओळीच्या टोकाची पत्र्याची खोली. पहिल्या दिवशी मला वाटलं, नशीब काढलं. इतकी शांत मुलं मी पाहिली नव्हती. हाताची घडी घालून, पाठ ताठ करून बसलेली. मी आदल्या पाठातली उजळणी घ्यायचं ठरवलं आणि समोरच्या एका चुणचुणीत मुलाला उठवलं.

‘‘काय रे नाव तुझं? संदीप? सांग बरं, तीन चोक किती?’’

संदीप उठला. त्याच्याबरोबर सगळा वर्ग उठला.

मला हसू आलं. ‘‘अरे, मी एकट्या संदीपला विचारलं. बसा बाकीचे.’’

सगळे बसले. संदीपही बसला. मी पुन्हा त्याचं नाव घेतलं, पुन्हा सगळे उठले आणि एका सुरात म्हणाले, ‘‘बारा.’’

उत्तर बरोबर होतं. पण माझं हसू थांबलं ते पुढच्या गोष्टीने. उत्तर दिलं की मूल बाईंच्या तोंडाकडे बघतं. जगातलं कुठलंही मूल. आपण ‘बरोबर’ म्हणायच्या आत ते आपल्या डोळ्यांत वाचून मोकळं होतं. या मुलांनी माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या टेबलामागच्या रिकाम्या खुर्चीकडे सगळ्यांनी बघितलं आणि मुलं वाट बघत उभी राहिली.

मी मागे वळून पाहिलं. साधी लाकडी खुर्ची, बसून बसून बैठक गुळगुळीत झालेली.

‘‘बरोबर,’’ मी म्हणाले. तरी कुणी बसलं नाही. थोड्या वेळाने, जणू आता काही यायचं नाही अशी खात्री झाल्यावर, सगळी एकदम खाली बसली.

एकच मुलगी या सगळ्यात नव्हती. खिडकीशी, दुसऱ्या रांगेत. वर्ग उठला तेव्हा ती बसून होती, वर्ग बोलला तेव्हा ती गप्प होती. तिचं नाव कोमल. ती कुणाशीच बोलत नाही, एवढं मला मधल्या सुट्टीत आव्हाड सरांकडून कळलं. ‘‘आधी बरी होती,’’ ते म्हणाले. ‘‘आता अशी झालीय.’’

पुढचे काही दिवस मी सगळे उपाय करून पाहिले. जोड्या लावून दिल्या, तर जोड्या एकमेकांत मिसळून सगळा वर्ग एकच जोडी व्हायचा. कागदावर गणितं दिली, तर सगळ्यांच्या कागदावर एकच उत्तर, एकाच पद्धतीने. कॉपी करणारी मुलं मी आयुष्यभर पाहिली आहेत. ती लपूनछपून करतात आणि त्यात त्यांना मजा असते. ही मुलं उघड, गंभीरपणे, एखादं व्रत पाळावं तशी एकमेकांचं बघून लिहीत. कुणालाही एकट्याने उत्तर द्यायचं नव्हतं. कुणाला काय येतं आणि काय येत नाही, हे मला काही केल्या कळेना. शिकवावं तर कुठून?

मग मी माझी जुनी, हमखास युक्ती काढली. मुलांनी मूठ छातीशी धरायची, डोळे मिटायचे, आणि मी ‘दाखवा’ म्हटलं की उत्तराएवढी बोटं उघडायची. डोळे मिटलेले असले की कुणी कुणाचं बघू शकत नाही आणि मला एका नजरेत सगळा वर्ग दिसतो. बुजरं पोरही यात उत्तर देतं, कारण आवाज काढावा लागत नाही.

‘‘आठातून तीन गेले.’’

पाच-पाच बोटं. दोन-चार हात चुकले. मला इतका आनंद झाला! पहिल्यांदाच या वर्गाने निरनिराळी उत्तरं दिली होती.

‘‘नऊ भागिले तीन.’’ तीन बोटं. ‘‘सोळा भागिले चार.’’ चार.

‘‘सहा भागिले तीन.’’

मुठी बंद राहिल्या. सगळ्यांच्या. डोळे मिटलेले होते, कुणी कुणाचं बघत नव्हतं, तरीही एकही बोट उघडलं नाही. मला वाटलं, प्रश्न ऐकू गेला नाही. पुन्हा विचारला. मुठी तशाच. काही मुठी इतक्या घट्ट की बोटांची पेरं पांढरी पडलेली.

मी सोपं विचारलं, ‘‘दहातून आठ गेले.’’ मुठी बंद. त्याहून सोपं, ‘‘एक अधिक एक.’’ मुठी बंद.

‘‘माणसाला डोळे किती?’’

बाहेर वारा पडला होता. पवनचक्क्यांचा आवाजही नव्हता. भर दुपारी, पत्र्याखाली अंग भाजत असताना, माझ्या हातावर काटा आला. समोर बंद मुठी छातीशी धरलेला अख्खा वर्ग, मिटलेले डोळे, आणि सगळ्यांची तोंडं खुर्चीकडे वळलेली.

त्या वर्गात दोन ही संख्याच नव्हती. मी नंतर मुद्दाम तपासलं. पाढे म्हणताना ते ‘बे एके’ पुटपुटून पुढे जात. शब्द म्हणून ‘दोन’ चालायचा, ‘दोन पेन हायती’ असं ते आपसात म्हणत. पण उत्तर म्हणून, बाईंनी विचारल्यावर, नाही. हातावर छडी मारली असती तरी तो शब्द आला नसता.

मी श्रीरामपूरची ख्रिस्ती बाई. भुताखेतांवर विश्वास ठेवू नये असं घरात शिकवलेलं, आणि मी ठेवतही नाही. तरी त्या दिवसांत मी फळ्यावर लिहिताना पाठ पूर्णपणे टेबलाकडे करत नव्हते, एवढं खरं सांगते. शिवाय एक सवय मला नकळत लागली. मुलांनी उत्तर दिलं की मीसुद्धा क्षणभर थांबायला लागले.

एकदा गुडघा फार दुखत होता. मी वर्गात कधी बसत नाही, फिरत शिकवते. पण त्या दिवशी उभं राहवेना, म्हणून खुर्ची ओढली.

‘‘नका!’’

सगळा वर्ग ओरडला. एका आवाजात. आणि कोमल, जी कधीच उठत नसे, ती एकटी उभी राहिली. तिचं तोंड उघडं होतं, पण त्यातून आवाज येत नव्हता.

मी खुर्ची सोडली. सुट्टी झाल्यावर तडक ऑफिसात गेले आणि आव्हाड सरांना म्हणाले, ‘‘सर, गुरुजी कुठे वारले?’’

त्यांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, ‘‘वर्गातच. तुम्हाला सांगितलं नाही, म्हटलं नवीन माणूस, उगाच मनात नको. त्या दिवशी शाळा सुटली, सगळे वर्ग बाहेर पडले, सहावी आलीच नाही. मी बघायला गेलो. दारातून पाहिलं तर सगळी मुलं हाताची घडी घालून बसलेली. गुरुजी खुर्चीत, डोळे मिटून. गुरुजींची सवय होती तशी, उत्तर ऐकायचं, डोळे मिटायचे, आणि मग ‘बरोबर’ म्हणायचं. त्यामुळे मला आधी काही वाटलंच नाही. मी हाक मारली. मुलं माझ्याकडे वळून म्हणाली, ‘शूऽ’.’’

सरांनी चष्मा काढून पुसला.

‘‘मधल्या सुट्टीनंतर लगेच गेले असावेत, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे मुलं तितका वेळ तशीच बसली होती, मॅडम. गुरुजी काहीतरी म्हणतील म्हणून.’’

त्याच आठवड्यात कोमलचे आजोबा शाळेत आले. अंगात बंडी, डोक्याला मुंडासं, उन्हाने रापलेला म्हातारा. नात त्यांच्यामागे उभी होती.

‘‘मॅडम, हिचा दाखला पायजे.’’

‘‘का हो बाबा?’’

‘‘बोलंना झालीय. श्रावनापासनं एक शबूद न्हाई. देवरुशाला दाखिवली. त्यो म्हनतो, मास्तर हिच्यापाशी अडकलाय. जागा बदलली की सुटंल. मंग म्हनलं, हिच्या आयबापासंगं उसाला जाऊ द्या. दिवाळी झाली की टोळी निघनार हाय. तिथं धाकटं पोरगं तरी संभाळंल.’’

‘‘बाबा, सहावीतली मुलगी एकदा उसाला गेली की परत शाळेत येत नाही.’’

‘‘आता तरी शाळंत काय करतीया? बसून ऱ्हाती.’’ मग माझ्याकडे निरखून बघत ते म्हणाले, ‘‘तुमच्यात मानत्यात का हे, भूतबाधा?’’

‘‘आमच्यातही माणसं घाबरतात, बाबा,’’ मी म्हणाले. ‘‘दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबा. तेवढं माझ्यासाठी.’’

ते थांबायला तयार झाले. का, ते मला माहीत नाही. बहुधा त्यांनाही ती जायला नको होती.

दुसऱ्या दिवशी मी ठरवून वर्गात गेले. कोमल आली नव्हती. हा वर्ग एकेकटा बोलणार नाही, पण एकत्र बोलतो, हे मला माहीत होतं. तेव्हा मी सगळ्यांनाच विचारलं. फळ्याकडे बघत, जणू नेहमीचीच उजळणी.

‘‘त्या दिवशी गुरुजी काय शिकवत होते?’’

‘‘अपूर्णांकाचा भागाकार,’’ वर्ग म्हणाला.

‘‘काय उदाहरण दिलं?’’

‘‘गुरुजींनी डब्यातली भाकरी काढली. आर्धी मोडली. म्हनले, अर्ध्या भाकरीत चतकोर किती?’’

एकाच सुरात, एकाच लयीत, पाढा म्हणावा तसं ते सगळं येत होतं. माझा हात फळ्यावर थांबला.

‘‘उत्तर कुणी दिलं?’’

‘‘कोमलनं.’’

‘‘सगळ्यांनी मिळून?’’

‘‘न्हाई. गुरुजी म्हनले, एकट्यानं सांगायचं. ज्याला कळलंय त्यानंच. कोमल येकटी उठली.’’

‘‘काय म्हणाली?’’

मी वळून पाहिलं. मुलं माझ्याकडे बघत होती, पहिल्यांदाच खरंच माझ्याकडे, आणि मांडीवर त्यांच्या मुठी आवळलेल्या होत्या.

‘‘मग गुरुजी काय म्हणाले?’’

‘‘गुरुजींनी डोळे मिटले.’’

तेवढंच. पण आता मला पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. एक मुलगी एकटी उठली, तिने एकटीने उत्तर दिलं, ‘बरोबर’ आलं नाही, आणि माणूस मेला. म्हणजे उत्तर चुकलं. चुकलं तेही असं, की त्याने माणूस मेला. त्यावर या पोरांनी आपल्यापुरता कायदा केला: पुन्हा कुणी एकट्याने उठायचं नाही आणि पुन्हा तो शब्द उच्चारायचा नाही. इतके दिवस मला वाटत होतं, ही मुलं माझ्यापासून काहीतरी लपवत आहेत. ती मला वाचवत होती.

मी त्यांना समजावलं. गुरुजींना आधीपासून हृदयाचा त्रास होता. उत्तराचा आणि जाण्याचा संबंध नाही. आणि अर्ध्या भाकरीत चतकोर दोनच असतात, कोमलचं उत्तर बरोबरच होतं. सगळं नीट, सोपं करून सांगितलं. शेवटी, इतक्या वर्षांच्या अनुभवाला विसरून, विचारलं, ‘‘समजलं का?’’

‘‘होऽऽ,’’ वर्ग म्हणाला. आणि सगळ्यांनी खुर्चीकडे बघितलं.

सांगून समजत असतं तर शाळा काढायची गरजच पडली नसती.

दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी मी डब्यात बाजरीची भाकरी घेऊन गेले. आव्हाड सरांना सांगितलं होतं, ते व्हरांड्यात थांबले होते. कोमल आली होती. आजोबांनी तिला हाताला धरून आणून सोडलं होतं. मी दार लोटलं, टेबलामागे गेले आणि खुर्ची ओढली.

‘‘नका, मॅडम!’’

‘‘मी बसणार आहे,’’ मी म्हणाले. ‘‘बीपीची गोळी घेऊन आले आहे.’’

बसले. खुर्ची गार होती. पत्र्याखालच्या त्या भट्टीत बाकी सगळं तापलेलं असताना ती गार कशी, हा विचार मनात आला आणि मी तो बाजूला सारला. मुलं उभी राहिली होती. काही रडत होती. मी सगळ्यांना बसायला लावलं, भाकरी काढली, अर्धी मोडली, आणि ती अर्धी भाकर वर धरून म्हणाले, ‘‘कोमल. एकटीने. अर्ध्या भाकरीत चतकोर किती?’’

ती हलली नाही. मी थांबले. प्रश्न विचारल्यावर थांबणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे. नवीन शिक्षकाला तेवढं एकच जमत नाही. पण असं थांबणं मीही कधी केलं नव्हतं. माझ्याच छातीतले ठोके मला ऐकू येत होते आणि प्रत्येक ठोक्याला वाटत होतं, आता हा शेवटचा तर नाही ना. खोटं कशाला सांगू, मी मनातल्या मनात प्रार्थना म्हणत होते. कुणाला उद्देशून, तेही नक्की नव्हतं.

कोमल उठली. तिचे ओठ कोरडे पडले होते. ती माझ्याकडे बघत होती आणि डोळ्यांनी मला विनवत होती, की नको, मला विचारू नका.

मी भाकरी तशीच धरून ठेवली.

‘‘दोन,’’ ती म्हणाली.

तीन महिन्यांत न वापरलेला आवाज. गंजलेल्या कडीसारखा.

मला लगेच ‘बरोबर’ म्हणायचं होतं. त्यासाठीच तर हे सगळं केलं होतं. पण गळ्यातून शब्द निघेना. आणि मी पाहिलं, की मुलांची नजर माझ्या चेहऱ्यावर नाही. माझ्या खांद्याच्या किंचित वर आहे. कोमलचीही. मी वळून बघितलं नाही. बघायला हवं होतं का, हा प्रश्न मी आजही स्वतःला विचारते.

मग कसाबसा आवाज फुटला. ‘‘बरोबर,’’ मी म्हणाले.

आणि मी जिवंत होते.

वर्गातून एक मोठा श्वास सुटला, पोतं सैल व्हावं तसा. मी उठले, त्या अर्ध्या भाकरीचे चतकोर केले आणि कोमलच्या दोन्ही हातांत एकेक दिला. ती एकदा या हाताकडे बघायची, एकदा त्या हाताकडे. मग ती रडायला लागली, आवाज काढून, लहान मुलासारखी. आव्हाड सर दारात येऊन उभे होते आणि त्यांचाही चष्मा पुन्हा हातात होता.

पोरं तिच्याभोवती जमली. संदीप मोठ्याने ओरडला, ‘‘मॅडम, मी सांगू? एका भाकरीत चतकोर चार!’’ एकट्याने. उठून. मग प्रत्येकालाच एकट्याने काहीतरी सांगायचं होतं. इतका गोंगाट त्या खोलीत मी कधी ऐकला नव्हता, आणि इतका आवडलेला गोंगाटही दुसरा नाही.

मधल्या सुट्टीत मुलं बाहेर पळाली. प्रतीक्षा नावाची एक मुलगी मागे राहिली. फळा पुसता पुसता ती म्हणाली, ‘‘मॅडम, तुमी दोनदा का म्हनला?’’

‘‘काय दोनदा?’’

‘‘बरोबर. आधी हळू म्हनला. मंग मोठ्यानं.’’

मी एकदाच म्हणाले होते. त्याबद्दल माझी खात्री आहे, कारण ते एकदा म्हणायलाच माझा जीव गेला होता. मी बाहेर जाऊन आणखी चार-पाच मुलांना, एकेकाला वेगळं बोलावून विचारलं. सगळी म्हणाली, दोनदा. आव्हाड सरांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘मी व्हरांड्यात होतो, मला तुमचाच आवाज आला. पत्र्याची खोली आहे मॅडम, घुमतो आवाज.’’ मीही तेच मानलं. आवाज घुमतो खरा. मात्र घुमलेला आवाज आधी कसा येईल, हे मी सरांना विचारलं नाही.

संध्याकाळी कोमलचे आजोबा माझ्या खोलीवर आले. हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी.

‘‘घरी येऊन म्हनली, आजा, भूक लागलीया.’’ त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. मग म्हणाले, ‘‘कसला मंतर टाकला, मॅडम?’’

‘‘मंत्र कसला. प्रश्न विचारला.’’

‘‘आन्?’’

‘‘उत्तर आलं.’’

दिवाळी झाली, टोळी गेली. कोमलचे आईवडील, धाकटा भाऊ गेले. कोमल आजोबांपाशी राहिली. मात्र त्याच गाडीत संदीप गेला. त्या वर्गात अपूर्णांक सगळ्यात चांगले त्याला कळले होते, हे मला सुट्टीच्या आदल्या त्या एका दिवसात कळलं आणि सुट्टी संपायच्या आत तो गेला. पुढच्या वर्षी तो परत आलाच नाही. नोंदवहीत त्याच्या नावापुढे मी काय लिहिलं ते आता आठवत नाही. या नोकरीची हळहळ अशीच असते. मूल आपल्याला वाचता यायला लागतं आणि त्याचं पान उलटलेलं असतं.

निवृत्त झाल्यावर मागच्या हिवाळ्यात एका लग्नासाठी पाथर्डीला गेले होते. बसस्टँडवर एका उंच मुलीने माझी पिशवी हातातून घेतली. ‘‘मॅडम, ओळखलं का?’’ कोमल होती. कॉलेजात जाते, बारावीला आहे, गणित आवडतं म्हणाली. आजोबा आहेत, थकलेत. नगरच्या गाडीला उशीर होता. आम्ही रसवंतीच्या बाकावर बसलो. बोलता बोलता तो दिवस निघालाच. मी तिला हसत हसत सांगितलं, की तुझ्या वर्गातल्या पोरांनी तेव्हा मला वेडं केलं होतं. म्हणे तुम्ही दोनदा ‘बरोबर’ म्हणालात.

ती हसली नाही.

‘‘मला दोनदा ऐकू आलं नव्हतं,’’ ती म्हणाली.

‘‘बघ! मी तेच म्हणत होते. आवाज घुमला असेल.’’

‘‘मी एकदाच ऐकलं.’’ तिने माझ्याकडे बघितलं. नजर शांत होती. ‘‘तुमचे ओठ नंतर हलले, मॅडम. तुमी काय म्हनला, ते मला ऐकूच आलं न्हाई.’’